भिंतीला दिलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी हवेची पेटी आहे आणि मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. कुणी ओलं फडकं घेऊन मला पुसायला लागलं की मी घाबरते. पुसण्यात घाबरायचं काय, असं तुम्हाला वाटेल. ते कळायला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल.

दवाखान्यातले लोक मला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. ते नाव आमच्या नांदखार गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गुडघ्याएवढी उंची, खाली चार चाकं, पुढे एक पारदर्शक नळकांडी आणि तिच्यात वर-खाली होणारी छोटी गोळी, एवढं माझं रूप. मी खोलीतली साधी हवा आत ओढते, गाळते आणि त्यातला प्राणवायू पातळ नळीने माणसाच्या नाकाशी नेऊन देते. माझ्या कपाळावर एक आकडा आहे. मी जन्मल्यापासून किती तास चालले ते तो सांगतो. माझ्याकडे आवाज एकच, टीं टीं टीं, आणि तोही वीज गेली तरच निघतो. बाकी काही सांगायचं झालं तर मला तोंड नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. साथीच्या त्या वर्षी कुवेतला नोकरी करणाऱ्या तबरेज आणि उझैर या भावांनी त्यांच्या अम्मीसाठी मला धाडलं. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोट, तिथून टेम्पो, आगरदांड्याला पुन्हा बोट, पुन्हा टेम्पो. बोट हलली की माझ्या पोटातला पंप हलायचा. मला वाटलं, ही माणसं मला समुद्रात टाकायला निघाली आहेत.

त्यांची अम्मी म्हणजे बिल्किसचाची. मी दारात पोचले तेव्हा तिची नखं निळी पडली होती. बावीस दिवस ती माझ्या नळीवर होती. तेविसाव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने नळी काढली आणि चहा मागितला. मशिदीजवळ विजेच्या वस्तू दुरुस्त करणारा रफिक माझी देखभाल करायचा. त्याला ती म्हणाली, "हिला कपाटात नको कोंडूस. ज्याचा दम अडकला त्याच्या दारात ही गेली पायजे. मग तो आपल्या मोहल्ल्यातला असो नायतर वरच्या वाडीतला."

रफिकने तो शब्द पाळला. मी सतरा घरं फिरले. कुणी मला दुआ दिली, कुणी माझ्यासमोर नारळ फोडला. त्या नारळाचं पाणी माझ्या चाकात गेलं आणि रफिक अर्धा तास पुटपुटत ते पुसत बसला होता. सगळीच माणसं वाचली नाहीत. दोन घरांतून मी परत निघाले तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि त्याचा मला राग आला नाही.

मग साथ ओसरली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, तसं झालं. जमातीच्या हॉलमागच्या खोलीत, लग्नाचं जेवण शिजवायच्या मोठ्या देगांच्या मागे, मी चादरीखाली दीड वर्षं उभी होते. तेवढ्या काळात गावही उतरत गेलं. एकेकाळी नांदखारात बर्फाचा कारखाना होता, बँकेची शाखा होती, मुक्कामाच्या दोन एसट्या होत्या. बर्फाचा कारखाना बंद पडला, बँक बोर्ली पंचतनला गेली, एसटी एकच उरली. बिल्किसचाचीला मुलांनी कुवेतला नेलं. तिच्या घराला कुलूप लागलं, शेजारच्यांच्या लागलं, मग त्यांच्या शेजारच्यांच्या. रफिक अधूनमधून येऊन मला पाच मिनिटं चालू करायचा आणि म्हणायचा, "जिती हाय." बस्स, तेवढंच.

तिथून मला सोडवलं ते गोदूआजीच्या धापेने.

गोदूआजी वरच्या वाडीतली. उभं आयुष्य पोह्यांच्या भट्टीवर गेलं तिचं. भाताच्या तुसाचा धूर चाळीस वर्षं छातीत साठत गेला आणि एक दिवस छातीने नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दिवसाचे पंधरा तास ऑक्सिजन लागेल, नळी काढायची ती थोड्या थोड्या वेळापुरतीच. मुलगा ओंकार तळोज्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. घरात सून प्रणाली आणि आजी, दोघीच. रफिक मला हातगाडीवर घालून चढ चढला आणि माजघरात ठेवून म्हणाला, "गोदूमावशी, आता ही तुझी. लागेल तवर ऱ्हाऊ दे."

तिथे माझे चांगले दिवस सुरू झाले. नळी कानामागे घासून आजीला जखम व्हायची. प्रणालीने जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फाडून नळीला गुंडाळली. माझ्या पाठीवरची जाळी दर रविवारी धुतली जाई. आजी जेवताना माझ्याशी बोलायची. "तू नुसती हवाच खातंस. पोट कसं भरतं तुझं?" असं विचारायची आणि स्वतःच हसायची, मग खोकायची. मला मात्र भीतीने झोप नसायची. वीज गेली तर, पंप अडकला तर, ही बाई काय करेल, हाच विचार. वीज गेल्यावर मी टीं टीं करायची आणि प्रणाली धावत रफिकने दिलेल्या बॅटरीला मला जोडायची. दीड वर्ष गेलं. माझ्या कपाळावरचा आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला.

आणि मग गावात परीक्षा आली.

वरून पत्र आलं की एक पथक येऊन पडत्या गावांचं राहणीमान तपासणार. पाणी, गटार, दिवे, शाळा, दवाखाना, सगळ्याला गुण, एकूण शंभर. सरपंच सदूभाऊ तालुक्याच्या सभेला गेले होते. तिथे चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांच्या कानात सोडून दिलं की गुण कमी पडले तर गावचं आरोग्य उपकेंद्र उचलतील आणि नर्सबाई दुसऱ्या गावाला जातील. झालं. सदूभाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. सदूभाऊ वाईट माणूस नाही, मित्रांनो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा त्या नर्सबाईंनीच तिला वाचवलं होतं. घाबरलेलं माणूस काय करेल याचा नेम नसतो, एवढंच मी म्हणते.

आपल्याकडे घरी मोठे पाहुणे येणार म्हटलं की शेजारची चांगली खुर्ची आणतात, दुसऱ्या घरची चादर अंथरतात. आख्ख्या नांदखारने तेच केलं. शाळेत बंद घरांतले पंखे लागले. ग्रामपंचायतीत कुणाच्या तरी लग्नातला गालिचा आला. उपकेंद्राच्या यादीत एक ओळ होती, ऑक्सिजनची सोय. तिथे नुसती भिंत होती.

सकाळी सदूभाऊ आजीच्या दारात आले. मान खाली होती. "गोदूकाकी, दोन तासांसाठी पेटी देशील? पथकाच्या मॅडम धाला येतील, बाराच्या आत परत आणून ठेवतो."

रफिक तिथेच होता. तो म्हणाला, "सदूभाऊ, ही काय खुर्ची हाय न्यायला?"

 उत्तर दिलं ते आजीने. तिने नळी नाकातून काढली आणि थांबत थांबत म्हणाली, "ने रे. दोन तास बसन मी... उपकेंद्र ऱ्हायलं पायजे. माझं काय... उद्या प्रणालीला लागंल."

रफिकने एक छोटं सिलिंडर तिच्या उशाशी लावलं. दीड तास पुरेल, फार तर पावणेदोन. प्रणालीने ओलं फडकं आणून मला पुसलं. पुसताना ती पुन्हा पुन्हा आजीकडे बघत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उपकेंद्रात मला पांढऱ्या भिंतीजवळ उभं केलं. गळ्यात झेंडूची माळ घातली. "चालूच ठेवा, मॅडम कधीपण येतील," सदूभाऊ म्हणाले आणि नळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. रफिकला त्यांनी गावभर दिव्यांचे बल्ब लावायला पिटाळलं. खोलीत मी एकटी. साडेनऊ वाजले होते.

मित्रांनो, मी हवा ओढत होते, गाळत होते आणि चांगला प्राणवायू भिंतीला देत होते. नळीच्या टोकाशी चुन्याचा पोपडा होता, तो हलत होता. नाक नव्हतं. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, बोटीतसुद्धा नाही.

दहा वाजले. मॅडम आल्या नाहीत. अकरा वाजले. कुणीतरी म्हणालं, आधीच्या गावात चहापाणी चाललंय. मी मनात सिलिंडर मोजत होते. आता पाव राहिलं असेल. आता संपलं असेल. साडेअकराला बाहेर प्रणालीचा आवाज आला. "भाऊ, सिलिंडर सपलं. आई बसून ऱ्हायलीय, ओठ काळे पडलेत."

"पाच मिन्टं, प्रणाली. फाट्यावर गाडी दिसली म्हनतात. एवढं निभव."

ती निघून गेली. त्या पोरीने भांडायला हवं होतं, पण मला मागाहून कळलं, सासूने घरातून निघताना तिला बजावलं होतं, गावाची शोभा करू नको. वीज जावी, अशी मी पहिल्यांदाच मनापासून इच्छा केली. म्हणजे मला ओरडता आलं असतं. वीज गेली नाही. त्या दिवशी नांदखारात सकाळपासून वीज अगदी शहाण्यासारखी होती.

पाऊण वाजायच्या सुमारास मॅडम आल्या. मृणाली त्यांचं नाव. बाई तरुण होती, चपलेला चिखल लागला होता, हातात कागदांचं जाड बाड. तिने खाट बघितली, औषधं बघितली, मग माझ्यापाशी आली. सदूभाऊ म्हणाले, "ऑक्सिजनची सोय, मॅडम. चोवीस तास."

तिने खूण करायला पेन उचललं. दारात प्रणाली येऊन उभी राहिली होती. चौकट घट्ट धरून ती खिळ्याला टांगलेल्या नळीकडे बघत होती.

मॅडमचं पेन थांबलं. ती वाकली आणि माझ्या कपाळावरचा आकडा तिने वाचला. "नऊ हजार चारशे तास चाललीय ही. तुमच्या वहीत ऑक्सिजनवरचा एकही पेशंट नाही." मग तिने खिळ्यावरची नळी हातात घेतली आणि ती हिरवी चिंधी बोटांनी चाचपली. "ही चिंधी कुणाच्या कानासाठी बांधलीय?"

 नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. सदूभाऊंच्या कपाळावर घाम आला होता.

"माझ्या सासूच्या," प्रणाली म्हणाली. "ती घरी हाय. तिला दम घेता येत न्हाय."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. सदूभाऊंनी स्वतः मला उचललं. माळ तुटून फुलं माझ्या जाळीत अडकली. मॅडमच्या गाडीत मला मागच्या सीटवर आडवं घालू लागले तेव्हा रफिक धावत आला आणि ओरडला, "उभी धरा, उभी." चढावर गाडी दोनदा घसरली.

आजी खाटेवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. प्रणालीने नळी नाकात घातली. माझी गोळी वर चढली. मी आयुष्यात जेवढी हवा ओढली नसेल तेवढी ओढायचा प्रयत्न केला. पेटीला जास्त जोर लावता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरीही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आजीच्या बोटाने हिरवी चिंधी शोधली आणि कानामागे नीट बसवली.

सगळ्यात आधी तिने सदूभाऊंना विचारलं, "पास झालो का रं?"

सदूभाऊ दारातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मॅडमना म्हणाले, "आमची चूक झाली. पण उपकेंद्र बंद नका करू."

"बंद करायला मी आलेच नाही," ती म्हणाली.  "कुणी सांगितलं तुम्हाला? इथे काय नाही ते लिहायला आलेय मी. तुम्ही सगळं आहे म्हणून दाखवलंत, तर येणार कसं?" मग आजीच्या खाटेच्या कडेला बसून तिने ऑक्सिजनच्या ओळीपुढे लिहिलं, नाही. पंख्यांचं विचारलं, गालिच्याचं विचारलं, आणि सदूभाऊंनी एकेक करून खरं सांगितलं. तिने तेवढ्या वेळा नाही लिहिलं. नांदखारला शंभरात एकवीस गुण मिळाले.

त्याला आता आठ महिने झाले. उपकेंद्र आहे, नर्सबाई आहेत. उपकेंद्राची स्वतःची पेटी मंजूर झाली असं पत्र आलं आहे, पेटी अजून आलेली नाही. गोदूआजी आहे, पण त्या दिवसापासून तिला अंगणापर्यंत चालवत नाही. पूर्वी ती चालायची.

म्हणून सांगते मित्रांनो, आमच्यासारख्यांची जाळी धुवा, हवा ओली ठेवणाऱ्या बाटलीतलं पाणी बदला, ज्याला गरज आहे त्याच्या दारात आम्हाला नेऊन ठेवा. पण पाहुण्यांना दाखवण्यासाठी आमच्या गळ्यात माळ घालू नका. घरात एखादी गोष्ट नसेल तर नाही म्हणा. नाही म्हणायची लाज वाटते हे मला कळतं. मी त्या लाजेच्या भिंतीशी उभी राहिलेली आहे.

माझ्या कपाळावरचा आकडा आता तेरा हजारांकडे निघाला आहे. घरी येणारे तो बघून म्हणतात, केवढा श्वास दिला हिने माणसांना. मी गप्प हवा ओढत राहते. त्या आकड्यात सव्वातीन तास भिंतीचे आहेत. आकडा बघून ते कुणाला कळायचं नाही. गोदूआजी मात्र अजून कधी कधी जेवता जेवता थांबते, नळी चाचपून बघते आणि मला विचारते, "हायंस ना गं इथंच?"