गाठमामांचा दोर

मी दोर बोलतोय. विहिरीवरचा नाही, कपडे वाळत घालायचाही नाही. उंच इमारतींच्या भिंती रंगवणारी, काचा पुसणारी माणसं ज्याला लोंबकळतात, तो दोर. माझं एक टोक गच्चीवर लोखंडाला बांधतात आणि बाकीचा मी भिंतीवरून खाली सोडलेला असतो. माझ्या अंगावर कुणाचं तरी लेकरू असतं, आणि त्याच्या पायाखाली काही नसतं.

माझा जन्म कारखान्यातला. बारीक पांढरे तंतू एकत्र पिळून आधी माझा गाभा केला, मग त्यावर रंगीत धाग्यांचं घट्ट कातडं विणलं. सगळं बळ गाभ्यात, आणि डोळ्यांना दिसतं ते कातडं. म्हणून वरून मी ठणठणीत दिसलो तरी आत सगळं आलबेल आहे असं समजू नये. माणसांचंही बहुधा असंच असतं, पण माणूस निदान कण्हतो तरी. मला तेवढंही जमत नाही.

मला विकत घेतलं एका ठेकेदाराने. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. तो घाईत होता. जेवताना घाईत, बोलताना घाईत, झोपेतही बहुतेक घाईतच असावा. त्याने मला गच्चीवर आणून एका म्हाताऱ्या माणसापुढे टाकलं आणि म्हणाला, "मामा, हा घ्या नवा. आता तरी कटकट बंद करा."

ते गाठमामा. उभं आयुष्य भिंतींवर लोंबकळण्यात गेलेला माणूस. आता कंबर धरली होती, म्हणून ते गच्चीवर बसून दोर बांधायचे आणि खाली उतरलेल्या पोरांवर नजर ठेवायचे. कुणी पोरांवर आवाज चढवला की ते शांतपणे म्हणायचे, "गाठ माझ्याशी आहे." गाठी तर तेच बांधायचे. तेव्हा नाव आपोआप पडलं.

रोज सकाळी मामा मला मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि उघड्या हातांतून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचे. त्यांची बोटं खरबरीत होती, पण माझा एक धागा उसवला तरी त्यांना कळायचं.

"मामा, दोराला मालिश करताय का?" लंबू विचारायचा. उंचीला ताड आणि बोलायला तिखट असा तो पोरगा.

"तुझ्या वजनाने त्याचं अंग दुखतं रे," मामा म्हणायचे. "ये, तूही दाब."

ठेकेदार कुठून कुठून तरणी पोरं आणायचा. कुणी शाळा सोडलेलं, कुणी घर सोडलेलं. त्यांच्या कमरेला पट्टा बांधायचा, डोक्यावर हेल्मेट ठेवायचा आणि म्हणायचा, खाली बघू नकोस म्हणजे झालं. हे शिक्षण. नियमाने प्रत्येकाला दोन दोर हवेत, एक लोंबकळायला आणि एक जिवाला. ठेकेदाराच्या मते दुसरा दोर म्हणजे नुसता खोळंबा.

म्हणून मामांनी रविवारी शिकवणी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. मामा राहायचे त्या इमारतीचा जिना मधून पोकळ होता. त्या पोकळीत ते मला सोडायचे आणि पोरांना एकेक मजला उतरायला लावायचे. मामी दारात उभी राहून म्हणायची, "लोकांच्या घरी रविवारी पाहुणे येतात, आमच्याकडे वरून टपकतात." मग सगळ्यांना चहा द्यायची.

टिचकीला या शिकवणीत मामांनीच आणलं. ती खाली रंग कालवायची. अंगाने एवढीशी, पण मान सदा वर, भिंतीकडे. मामांनी ते हेरलं. तिच्या बापाने साफ नकार दिला तेव्हा दुखरी कंबर घेऊन मामा पुन्हा त्याच्या दारी गेले.

"तुमची मुलगी वर जाणारच आहे," ते म्हणाले. "आज ना उद्या ठेकेदार माणूस कमी पडला की तिला चढवणार. शिकून गेलेली बरी की न शिकता?"

बापाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्या भरवशावर सोडतो."

"माझ्या नको. तिच्या हातांच्या भरवशावर सोडा. ते मी तयार करतो."

तिला त्यांनी पाठीमागे हात घेऊन गाठी मारायला शिकवलं, ओल्या हातांनी शिकवलं, डोळे बांधून शिकवलं. मला चाचपायला शिकवलं. दोर वाकवला की त्याचा गोल वळसा पडला पाहिजे. जिथे तो ओल्या कागदासारखा दुमडतो, तिथे आत तो मेलेला आहे.

आणि एका रविवारी म्हणाले, "आज गाठी नाहीत. आज मी ठेकेदार. दोर खराब आहे, तुला ते कळलंय. आता बघ. काय गं, सगळे खोळंबलेत. उतर खाली."

टिचकीला हसू फुटलं.

"हसतेस काय? उतर."

"नाही उतरणार."

"ऐकू आलं नाही."

"मी उतरणार नाही."

"बरं. मग उद्यापासून कामावर येऊ नकोस. घरी काय सांगशील?"

टिचकीचं हसू मावळलं.  

"इथेच माणूस अडतो," मामा आपल्या आवाजात म्हणाले. "दोरावर जायला कुणीही शिकवील. चल, पुन्हा पहिल्यापासून."

त्या सकाळी ते पुन्हा पुन्हा ठेकेदार झाले. शेवटी टिचकी न हसता, न रडता नाही म्हणू लागली, तेव्हाच थांबले.

पुढे एक दिवस ठेकेदाराने एका अगदी नव्या पोराला दुसऱ्या दोराशिवाय सोडायला घेतलं. मामा कठड्याशी आडवे उभे राहिले. "याला असं सोडलंत तर गाठ माझ्याशी आहे."

ठेकेदार चिडला नाही. त्याची मला भीती वाटली ती त्यामुळेच. "तुमच्या रविवारच्या शाळेने पोरं शहाणी झालीत," तो म्हणाला. "अर्धी सकाळ दोर चाचपण्यात जाते. ही गाठ आज सोडवूनच टाकू. उद्यापासून येऊ नका."

मामांनी मला नीट गुंडाळून ठेवलं आणि जिना उतरून गेले. एकेका पायरीवर त्यांची चप्पल वाजत होती.

त्याच दुपारी पाण्याचा लोखंडी पंप गच्चीवर चढवायचा होता. ओझं ओढायचे दोर वेगळे असतात. ते शोधायला वेळ कुणाला होता? मी जवळ होतो. पंप माझ्या गळ्यात बांधला, अर्ध्या वाटेत तो निसटला आणि माझ्या अंगावर हिसका बसून थांबला. माझ्या आत काहीतरी तुटलं. आवाज झाला, पण तो माझ्या कातड्याच्या आतच राहिला. पंप वर पोचला. माणसांनी घाम पुसला.

तेव्हापासून मी गोदामात वेटोळं घालून पडलो आणि माझ्या पोटात एक मेलेली जागा होती. गोदामाचं दार करकरलं की मला वाटायचं, आज कोण? कुणाचे हात मला उचलतील, कुणाची कंबर माझ्यावर झुकेल?

आधी लंबू आला. इमारत बुटकी होती. माझा तो मेलेला भाग खाली जमिनीवर वेटोळ्यात पडून राहिला, त्यावर त्याचं वजन आलंच नाही. तो शीळ घालत उतरला, शीळ घालत घरी गेला.

मामांना काढल्यापासून सकाळची चाचपणी हळूहळू सुटत चालली होती. ठेकेदार टिंगल करायचा, "झाली का मालिश?" लंबूने आधी सोडली. टिचकी करायची, पण भराभर, हातमोजे घालून.

मग उंच इमारत आली. सगळी काचेची. मालक दुपारी पाहायला येणार होता, वारा होता आणि गच्चीवर माझी पूर्ण लांबी उलगडली होती. मी मनात हिशेब केला. निम्म्या भिंतीपर्यंत सगळं ठीक चालेल. त्यानंतर ती जागा येईल.

पट्टा बांधून टिचकी आली. हातमोजे घातलेले हात माझ्यावरून सरकत निघाले. ते त्या जागेपाशी आले, आणि पुढे गेले.

तिच्या हाताला काही जाणवलं नाही. तिने मला लोखंडाला बांधलं. हुक अडकवला. कठड्यावर चढून दरीकडे पाठ केली. माझा ताण वाढू लागला. खाली रस्त्यावरची माणसं तांदळाएवढी दिसत होती.

"सोड आता स्वतःला," ठेकेदार म्हणाला.

टिचकी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग ती पुन्हा गच्चीत उतरली आणि म्हणाली, "मी नीट बघितलं नाही."

"काय?"

तिने दातांनी हातमोजे ओढून काढले, हुक सोडला आणि मला वर ओढून घेतलं. खाली मांडी घातली, डोळे मिटले आणि पहिल्या टोकापासून सुरुवात केली. ठेकेदार ओरडत होता, मालकाचं नाव घेत होता, घड्याळ दाखवत होता. टिचकीचे हात घामेजलेले होते, पण घाईत नव्हते.

ते माझ्या त्या जागेवर थांबले. तिने मला वाकवलं. मी दुमडलो.

"मी उतरणार नाही," ती म्हणाली.

ठेकेदार वाकून पाहू लागला. "कुठे काय झालंय? नवाकोरा दिसतोय."

"आतून गेलाय."

"तुला आतलं दिसतं होय? मग उद्यापासून येऊ नकोस." तो लंबूकडे वळला. "तू जा रे."

लंबूच्या घरी म्हातारी आजी आणि तो, दोघंच. कमावणारा तो एकटा. हे ठेकेदाराला माहीत होतं. लंबूने टिचकीकडे पाहिलं नाही. तो पुढे आला, हुक हातात घेतला आणि क्षणभर मला वाटलं, संपलं.

मग त्याने दुसऱ्या हाताने मला चाचपलं. तिथेच. बराच वेळ त्याचं बोट त्या जागेवर राहिलं. नंतर त्याने हेल्मेट काढलं, खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसला. 

"चालते व्हा दोघं," ठेकेदार म्हणाला. "दोर इथेच ठेवा. लोंबकळणारे पुष्कळ मिळतात."

टिचकीने खिशातलं रंग खरवडायचं पातं काढलं आणि त्या जागी मला कापलं. कातडं कापायला जोर लागला. गाभा नुसत्या स्पर्शाने सुटला. कुजक्या कापसासारखे तंतू तिच्या मांडीवर पडले. ते सगळ्यांनी पाहिलं, ठेकेदारानेही. तो वरमला असेल असं तुम्हाला वाटेल. त्याने माझा लांब तुकडा तिच्या हातून हिसकावला, बगलेत मारला आणि दुसऱ्या माणसाला फोन करत निघून गेला. आखूड तुकडा तिच्या हातात राहिला. तो मी.

दोघं थेट मामांकडे आली. मामांनी काही विचारायच्या आधी माझं कापलेलं टोक बोटांत घेतलं. 

"हातमोजे होते?"

"आधी होते," टिचकी म्हणाली. "कठड्यावर चढले होते मी, मामा."

मामांनी मान हलवली.  लंबू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग मामा म्हणाले, "दुसरा तुकडा कुठाय?"

"त्याच्याकडे."

मामा उठून चपला शोधू लागले.

"आत्ता कुठे निघालात?" मामी म्हणाली. "कंबर बघा आधी."

"त्याने नवीन पोरं घेतली असतील," मामा म्हणाले, आणि टिचकी त्यांच्या मागोमाग बाहेर पडली.

ठेकेदार भेटला नाही. गोदामाला कुलूप होतं, काम दुसरीकडे गेलं होतं. कुठे, ते कुणी सांगेना. टिचकी आणि लंबू आता दुसऱ्या एका बाईच्या हाताखाली काम करतात, तिथे प्रत्येकाला दोन दोर मिळतात. पण कामाआधी रोज सकाळी टिचकी मामांना दुचाकीवर मागे बसवते आणि दोघं नव्या इमारतींच्या फाटकांशी जाऊन उभी राहतात. आत जाणाऱ्या पोरांना मामा म्हणतात, "बाळ, तुझा दोर दाखव." कुणी हसतं. रखवालदार कधी हुसकावून लावतात. एखादं पोर मात्र थांबतं, हातमोजे काढतं आणि रविवारी जिन्यात हजर होतं.

मी त्याच जिन्यात खिळ्याला टांगलेला असतो. नवीन पोरांना आधी माझं टोक हातात देतात, खराब म्हणजे काय ते कळावं म्हणून. इतक्या कोवळ्या बोटांनी मला चाचपलंय की तंतू आता काळे पडलेत. याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तो लांब तुकडा, तोही मीच आहे. तोच हिसका त्यानेही खाल्लाय. त्याच्या आत आणखी कुठे काय तुटलंय ते मला इथून कळत नाही. तो गोदामात पडलाय की आत्ता, मी बोलत असताना, एखाद्या गच्चीवरून खाली सोडलेला आहे, तेही कळत नाही.

तुम्ही रस्त्याने जाता. कधीतरी मान वर कराल तेव्हा उंच काचेवर चिकटलेलं एखादं पोर दिसेल. हाक मारू नका, दचकेल. ते खाली येईपर्यंत तिथेच थांबा. मग त्याला सांगा, एक म्हातारा तुला शोधतोय.