रुमालावरचा थेंब

सलाईनच्या बाटलीत लोहाचं तपकिरी औषध मिसळलेलं पाहिलं आणि तिने पुढे केलेला हात मागे घेतला. सगळी उमर कापड रंगवायच्या कारखान्यात गेलेली. लोखंडाचं पाणी काय करतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवलेलं फिकं कापड त्यात बुडवलं की बघता बघता काळं पडतं, आणि मग घासून हात दुखले तरी निघत नाही. आता तेच लोखंड शिरेतून अंगात जाणार, अंगातून दुधात, आणि दुधातून मुंगीच्या पोटात. मुंगी म्हणजे तिची तान्ही लेक, बाहेर आजीच्या मांडीवर मूठ चोखत पडलेली.

लोहाच्या गोळ्या तिने नेमाने घेतल्या होत्या. शौचाला काळं होत होतं, म्हणजे औषध लागू पडतंय असं ती धरून चालली होती. पण रक्त काही वाढेना, जिना चढताना धाप लागे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी शिरेतून द्यायचं ठरवलं.

सुई टोचताना सिस्टरने सहज विचारलं, गोळी कशाबरोबर घेत होता? चहाबरोबर, ती म्हणाली. गोळीची तोंडातली चव जावी म्हणून सासूबाई मुद्दाम कडक करून द्यायच्या.

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, चहा लोखंडाला धरून ठेवतो. रक्तात जाऊच देत नाही."

तिला कारखान्यातली पिंपं आठवली. तिथेही काढा लोखंडाला असाच धरतो, म्हणून तर काळं होतं. म्हणजे इतके दिवस ती पोटातच कापड रंगवत बसली होती की काय? हसावं की रडावं कळेना. आणि आता चहाच नाही, तर हे लोखंड धरणार कुणाला? दुधाला?

लाजत लाजत तिने विचारलंच, दूध काळं तर नाही ना पडणार? खुशाल पाजा, दूध पांढरंच राहतं, असं सिस्टर म्हणाली. पण रंग वाळल्याशिवाय रंगारणीचा विश्वास बसत नाही.

बाटली संपल्यावर तिने थेंबभर दूध रुमालावर पिळून खिडकीशी धरलं. पांढरं. पण काळा रंग हवा लागल्यावरच पुरता चढतो. ती थांबली.

तेवढ्यात सासूबाई रडून लाल झालेल्या मुंगीला घेऊन आत आल्या. "अगं, पोरीचा घसा सुकला आणि तू रुमाल कसले वाळवतेस?"

तिने रुमालाकडे पाहिलं, मग लेकीकडे. थेंब अजून ओलाच होता. रुमाल बाजूला ठेवून तिने मुंगीला कुशीत घेतलं.

मुंगी चुटूचुटू प्यायला लागली. सासूबाईंनी रुमाल उचलला आणि त्यानेच सुनेचं घामेजलेलं कपाळ पुसलं.