वरची फरशी, खालचं छत

सिडकोतल्या त्या दुमजली घराला पस्तीस वर्षं झाली होती, आणि गेली दोन वर्षं वरच्या बाथरूमचं पाणी खाली गळत होतं. वर खंडेराव आणि त्यांच्या पत्नी सिंधुबाई राहत, खाली दीपमालाताई. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केलेल्या खंडेरावांचा आवाज असा, की त्यांनी घरात चहा मागितला तरी गल्लीला कळायचं. गळतीचा विषय निघाला की मात्र ते मुके व्हायचे. न्हाणीच्या जाळीभोवती चमचाभर पांढरं सिमेंट फासायचे, ‘झालं काम’ म्हणायचे आणि पेपर उघडायचे. असे एक खंडेराव तुमच्या-आमच्या इमारतीतही असतात. कधीकधी ते आपणच असतो.

या खेपेला मात्र सिमेंटवर भागणार नव्हतं. रविवारी सकाळी दीपमालाताई वर आल्या.

“भाऊ, वेदिकाला नववा लागला. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलंय. बाळंतिणीला खोली ती एकच, तुमच्या बाथरूमखालची. काल सटाण्याहून तिच्या सासूबाई येऊन बघून गेल्या. आठ दिवसांत गळती थांबली नाही, तर पोरीला परत घेऊन जाईन म्हणाल्या.”

“ताई, पाणी आमचंच कशावरून? तुमच्या भिंतीही जुन्या झाल्यात आता,” खंडेराव म्हणाले.

दीपमालाताई जिना उतरून गेल्या. नवऱ्याचं ते बोलणं सिंधुबाईंना लागलं.

खरी अडचण होती नव्या फरशीची. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात खंडेरावांनी बाथरूमला निळसर फरशी बसवून घेतली होती. जुनी न उकरता तिच्यावरच नवी बसवायची, ही अक्कल त्यांची स्वतःची. ‘ना धूळ, ना राडारोडा!’ असं ते पाहुण्यांना चहाच्या आधी बाथरूम दाखवून सांगत. ती फोडायची म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

सिंधुबाईंनी नवऱ्याला न विचारता प्लंबरला फोन लावला. तासाभरात मंगळू हजर. मूळचा पेठकडच्या डोंगरातला, पण वीस वर्षं याच शहरात नळ जोडत आलेला. त्यानं जाळीभोवती पान्यानं ठोकून पाहिलं.

“साहेब, फरशी वर आली नि जाळी खालीच राह्यली. मधी फट हाय. निम्मं पानी तिच्यातूनच जातं. वरून शिमिट फासून काय उपेग नाय.”

“फरशी फोडायची नाही,” खंडेराव म्हणाले. “आधी सिद्ध कर, पाणी इथलंच आहे म्हणून.”

मंगळूनं वाद घातला नाही. सिंधुबाईंकडून रंगपंचमीच्या उरलेल्या रंगाची पुडी घेतली, बादलीभर पाणी गुलाबी केलं आणि जाळीच्या कडेनं ओतलं. “चला आता खाली,” तो म्हणाला.

दीपमालाताईंचा उंबरा खंडेरावांनी दोन वर्षांत ओलांडला नव्हता. खोलीत पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणलेला, वर दोऱ्यांनी प्लास्टिक ताणलेलं, खाली दोन पातेली आणि एक बादली. सुजलेल्या पायांनी वेदिका उठू लागली.

“बसा ना काका. त्या कोपऱ्यात बसा, तिथे पडत नाही,” ती म्हणाली. मग छताकडे बोट दाखवून हसली. “पाळणा बांधायला ही एकच कडी. मीही इथेच झोपले म्हणे. पण नेमकी ती गळतीत.”

खंडेराव कडीखाली उभे राहून वर बघू लागले. चहा झाला, पंधरा-वीस मिनिटं गेली. कडीच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला आणि टपकन त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी हात फिरवला. बोटं गुलाबी!

आधी वेदिका हसली, मग दीपमालाताई तोंडाला पदर लावून हसल्या. खंडेरावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे दिवस भरलेली पोर पातेली सरकवत राहते, आणि आपण वर पेपर वाचतो!

मंगळू हलकेच म्हणाला, “साहेब, पानी वापरतो तवर मानूस ‘माझं’ म्हनतो. जाळीतून गेलं, की त्याचा संबंध संपला. आमच्या डोंगरात तसं नाय. ओढ्याला घान सोडायची नाय, हे वरच्या पाड्यानं आधी पाळायचं, कारन पिनारा खाली असतो. इथं तर खालचं मानूस दहा पायऱ्यांवर हाय. बघायचं म्हनलं, तर लय लांब नाय.”

“फोड ती फरशी,” खंडेराव म्हणाले.

“सगळी नाय हो. जाळीभवती हातभर.”

हातभर! हातभर फरशीसाठी दोन वर्षं!

मंगळूनं जुनी जाळी काढली, पाणी खालच्या पाइपात नेणारा नवा ट्रॅप फरशीच्या पातळीला बसवला, भोवती वॉटरप्रूफिंग केलं. ते वाळेपर्यंत वरचं बाथरूम बंद. “आंघोळीला खाली या,” दीपमालाताईंनी हुकूमच सोडला. मग काय, पाच दिवस खंडेराव खांद्यावर पंचा टाकून जिना उतरत. त्यांचं आंघोळीचं गाणं गल्लीला पाठ झालं. बाहेर आले की पुढ्यात गरम पोहे. सहाव्या दिवशी मंगळूनं वर पाणी साठवून पाहिलं आणि खाली सगळे मान वर करून बसले. छत कोरडं! सासूबाईंना फोन गेला आणि वेदिका माहेरीच राहिली.

मुलगी झाली. बारशाला सटाण्याच्या सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. “आते खोली कशी कोरडी शे,” त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, आणि नातीला पाळण्यात ठेवण्याचा मान त्यांनी सिंधुबाईंना दिला.

खंडेरावांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, तरी ते उभे राहिले. “मंडळी, माझ्या घराची हद्द माझ्या फरशीपाशी संपते, असं मी समजत होतो. चुकलो. दीपमालाताई, माफी असावी.”

त्या म्हणाल्या, “भाऊ, हळू बोला. बाळ उठेल.”

वाचकहो, आपल्या घरातून निघालेलं पाणी, कचरा, आवाज, सगळं कुणाच्या तरी घरात पोचत असतं. ते दिसत नाही म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. तेव्हा खालच्यांची तक्रार वर येण्याची वाट पाहू नका. आजच दहा पायऱ्या उतरा आणि त्यांच्या घरात उभं राहून एकदा वर बघा.