उकळणारी माती

वडगाव रासाईच्या पारावर त्या दिवशी जो तो माती घेऊन आला होता. कुणी डब्यात, कुणी चंचीत, बागायतदार आनंदरावांनी तर चांदीच्या वाटीत. समोर पाटावर भूमहाराज, हातात तांब्या. मातीवर तीर्थाची धार पडली की फसफसून फेस यायचा आणि महाराज गर्जायचे, "माती उकळली, माय हसली! माती गप, तर घरात पाप!"

अनसाबाईंच्या शेतातली माती गप्प राहिली. महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगून टाकलं, नव्या सुनेनं शेतात पाय टाकला तेव्हाच भूमाता निघून गेली. सून माहेरी धाडा, माय परत येईल. सून प्रतिभा मागंच उभी होती. सासरा म्हस्कू म्हणाला, उद्याच केडगावला पोचवून येतो.

अनसाबाई भाविक. कीर्तन म्हटलं की पहिल्या रांगेत, डोळ्यांत पाणी. देवमाणसाचा शब्द मोडायचा कसा? आणि गुणाची पोर घालवायची कशी? पाया पडून उठताना त्यांचा तांब्याला धक्का लागला अन् विळ्यानं कापलेल्या त्यांच्या अंगठ्यावर तीर्थ सांडलं. अंगठा फसफसला. लोकांनी अंगठ्याला हात जोडले. आनंदराव हळदकुंकू शोधू लागले.

हा फेस मात्र अनसाबाईंच्या ओळखीचा होता. आरोग्य उपकेंद्रातल्या रजिया सिस्टर गर्दीत दिसल्या. "सिस्टर, परवा तुम्ही माजा अंगठा धुतला, तवा बी भूमाताच आलती का वो?"

रजिया सिस्टरांनी दवाखान्यातली बाटली आणून अंगठ्यावर ओतली. तसाच फेस. जखम धुवायचं परॉक्साइड हाय, त्या म्हणाल्या. रक्तावर फसफसतं, तसं कुजल्या शेणपाल्यावर बी.

महाराज देवाची निंदा म्हणून ओरडले. तोवर प्रतिभानं तांब्या उचलून उकिरड्यावर ओतला. असा फेस चढला, की दोघा-तिघांनी सवयीनं तिथंही दंडवत घातला.

"मंग माय हितंच राहती म्हणायची," अनसाबाई म्हणाल्या.

प्रतिभानं मग आपल्याच शेताच्या बांधावरची, गवताच्या मुळांतली माती आणली, तिच्यावर सिस्टरांची बाटली ओतली. फसफसली. तिथंच गुडघाभर खणून काढलेली माती आणली. जेमतेम दोन बुडबुडे. पाला, शेण, मुळं वरच्या थरात कुजतात, खाली जावं तसं ते कमी होतं, तिनं सांगितलं. मग शेतातली वरची माती का गप्प?

सगळे म्हस्कूकडं वळले. प्रतिभाच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात शेताचा वरचा हातभर थर त्यानं वीटभट्टीला घातला होता. राहिली होती ती खालचीच.

"माय रुसली न्हाई," अनसाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच तिला ट्रॉलीत बसवून भट्टीवर धाडली. आता खतासाठी रानात मेंढरं बसवा, उसाचं पाचट जाळू नका. आन् माजी पोर कुठं जायची न्हाई."

महाराज तोवर पाट टाकून हायवेला लागले होते.

मायबाप हो, कीर्तनाला जरूर बसा, तोंडभरून देवाचं नाव घ्या. पण फेसाला हात जोडण्याआधी तांब्यात काय आहे ते विचारा, तेच पाणी दुसऱ्या मातीवर ओतून बघा. आपल्या देवाला त्यानं काही उणेपणा येत नाही, आणि एखाद्या लेकीचं घर वाचतं.