मल्लखांबाखाली उभा राहणारा माणूस

ही गोष्ट २०२३ सालची. मित्रांनो, मी सदाशिव पेठेतल्या तालमीतला एक जुना मल्लखांब आहे. अंग शिसवी. एरंडेल तेल मुरून मुरून मी काळाभोर झालो आहे.

आमचे शरच्चंद्र मास्तर शिकवत थोडं आणि खाली उभे राहत फार. पोरगं माझ्यावर असेपर्यंत त्यांचे दोन्ही हात पुढे. घसरलं की अलगद झेलायचे आणि कानाशी म्हणायचे, "कुणाशी भांडून आलास? पाय सांगतायत तुझे." पोरं माझ्यासाठी येतात, असा माझा उगाच समज होता.

त्या उन्हाळ्यात मास्तर गेले. मंडळाचे अध्यक्ष तात्याराव सज्जन, पण त्यांनी माणूस शोधण्याऐवजी पाटी लावली : 'मल्लखांबावर स्वतःच्या जबाबदारीवर चढावे. पडल्यास मंडळाकडे येऊ नये.'

मास्तरांच्या पत्नी इंदुबाई पाटी वाचून म्हणाल्या, "अहो, ही झेलणार आहे का पोरांना?"

तात्यारावांनी हसत पाटीचा खिळा आणखी ठोकला.

पोरं पांगली. चौदा वर्षांचा पृथ्वीराज तेवढा येत राहिला. त्याचे वडील घर सोडून गेलेले, आई दिवसभर कामावर. मग तालमीच्या दाराशी एक मोटारसायकल थांबू लागली. तिच्यावरचा रविराज आत यायचा आणि मास्तरांच्याच जागी उभा राहायचा.

"चढ वाघा, मी हाय ना."

पहिल्याच दिवशी पृथ्वीराज घसरला आणि रविराजने त्याला झेललं. पोराचा चेहरा उजळला. मास्तरांसारखं कानाशी मात्र त्याने काही विचारलं नाही.

इंदुबाईंनी तात्यारावांना हटकलं, "तो कोण, काय करतो, विचारा तरी."

"कुणीतरी लक्ष देतंय, बरंच आहे. आपल्याला कुठे वेळ आहे?"

दिवाळीनंतर रविराजने फ्लेक्समध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्यामागच्या गादीखाली सरकवलं. "उघडायचं नाय. सांगंन तवा आणायचं." त्याला लोखंडाचा वास होता. त्या दिवसापासून पृथ्वीराज चढेना. नुसता मला मिठी मारून उभा राहायचा. छातीतली धडधड मला कळायची, पण लाकडाला वाचा कुठली?

एका गुरुवारी रविराजचा निरोप आला आणि पृथ्वीराज ती गुंडाळी घेऊन गेला. एका शिकवणीच्या क्लाससमोर रविराजच्या टोळक्याचं भांडण झालं, त्यात गुंडाळीतला कोयता चालला. दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाची दोन बोटं गेली.

पृथ्वीराज निरीक्षणगृहात वर्षभर राहिला. नंतर आई त्याला मामाकडे, सासवडला घेऊन गेली. तात्याराव आता तालमीवरून जाताना रस्ता ओलांडतात. मास्तरांचा जुना शिष्य संजय रोज संध्याकाळी कोथरूडहून येऊन खाली उभा राहतो. इंदुबाईच त्याला घरी जाऊन बोलावून आल्या. रविराज जामिनावर सुटला आहे. परवा दुसऱ्या एका तालमीच्या दाराशी त्याची मोटारसायकल दिसली, असं पोरं सांगतात.

मित्रांनो, मला तेल कमी पडलं तरी चालेल. फक्त तुमच्या घरातल्या मोठ्यांना सांगा, संध्याकाळी तासभर मल्लखांबाखाली येऊन उभे राहा. ते आले नाहीत, तर ती जागा रिकामी राहत नाही.