अण्णांचा सिग्नल

मंडपवाल्यानं चौथ्या बांबूला गाठ मारली, दोर ओढून पाहिला आणि वर आपल्याच गॅलरीकडे बघत ओरडला, "अण्णा, आता दिसतोय का?"

"दिसतोय की!" गॅलरीतून त्याच्या वडिलांचा आवाज आला.

खाली जमलेली गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सहा रो-हाऊस उभी राहणार होती. नकाशा हाती आल्यापासून सगळ्यांची झोप उडाली होती. औषधाच्या दुकानदाराला गाड्या कुठे लावणार याचा घोर, तर कोणाला पाण्याचा. पण असल्या तक्रारी नगरपालिकेच्या कार्यालयातल्या साहेबानं पैशाला पासरी ऐकलेल्या असणार. म्हणून शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्लीतून न झालेल्या हेडबाईंनी हुकमाचं पान काढलं. ते पान म्हणजे अण्णा. रेल्वेच्या सिग्नलवर उभी हयात काढलेला म्हातारा रोज संध्याकाळी गॅलरीत बसून प्लॉटपलीकडचा सिग्नल बघतो. तेवढाच त्याचा विरंगुळा. घरं झाली की तोही गेला. दगडालाही पाझर फुटला असता. उद्या सकाळी सुनावणी होती.

पुरावा हवा म्हणून मंडपवाल्यानं धंद्यातलेच बांबू आणि निळं कापड आणून नकाशातल्या उंचीचं एक कापडी घर प्लॉटवर उभं केलं होतं. अण्णांनी फक्त 'दिसत नाही' म्हणायचं, हेडबाईंनी ते वहीत उतरवायचं, की काम फत्ते. आणि अण्णा तर म्हणत होते, दिसतोय.

"कापड कमी पडलं असेल," दुकानदार म्हणाला.

"नऊ मीटर मोजून लावलंय. धंदा आहे माझा," मंडपवाला वैतागला. तरी त्यानं कापड आणखी हातभर वर चढवलं. "अण्णा, आता?"

"किती वाजले रे?"

"पाच दहा!"

"मग हिरवा झालाय बघ. छान दिसतोय."

दुकानदार कापडाला वळसा घालून पलीकडे बघून आला. "हिरवाच आहे हो," तो चाचरत म्हणाला. त्याच्या पाठोपाठ गाडी धडधडत गेली.

मंडपवाल्याचं डोकं चालेना. मापात चूक झाली? गॅलरी वाटली त्यापेक्षा उंच आहे? की जन्मात कधी खोटं न बोललेले अण्णा बिल्डरला फितूर झाले? तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, नजर समोर. त्यानं मागून वाकून आपलं डोकं त्यांच्या डोक्याशी आणलं. समोर निळं कापड. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, तरी कापडच.

"अण्णा, नेमका कुठे दिसतोय?"

"तिथेच. सिग्नल काय फिरायला जातो?" अण्णा हसले आणि त्यांनी बोट दाखवलं. बोट बरोबर जागेवर होतं. मध्ये कापड आहे याचा त्या बोटाला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "चहा, अण्णा," म्हणत तिनं बशी स्टुलावर जरा वाजवूनच ठेवली आणि कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवला. अण्णांची बोटं स्टुलाच्या कडेवरून बशीवर आणि बशीवरून कपावर गेली. तिच्या हाताला याची सवय होती, आणि त्यांच्याही. मंडपवाल्याला पेपर आठवला. सहा महिने झाले, नातीचं वाचन सुधारावं म्हणून अण्णा रोज तिच्याकडूनच पेपर वाचून घेत होते. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

एकाच घरात राहून, रोज त्यांच्या शेजारी जेवायला बसून त्याला हे कळलं नव्हतं.

"अरे, काय म्हणतात अण्णा?" खालून हेडबाईंनी हाक दिली. "लिहू ना, सिग्नल दिसत नाही त्यांना म्हणून?"

अण्णांचा कप ओठांशी येऊन थांबला.

मंडपवाल्याला उद्याची सुनावणी आठवली, वहीतल्या सगळ्यांच्या सह्या आठवल्या. तो खुर्चीशेजारी खाली बसला.

"आता कोणता आहे, अण्णा?"

"लाल," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "गाडी गेली ना."

तो उठून कठड्याशी गेला. समोर कापड वाऱ्यानं फुगलं होतं.

"नका लिहू, बाई. दिसतोय त्यांना," तो म्हणाला. "मलाही दिसतोय. लाल आहे."

हेडबाई वहीवर पेन तसंच धरून वर बघत राहिल्या. दुकानदार पुन्हा कापडाला वळसा घालून गेला आणि डोकं खाजवत परत आला.

"लालच आहे हो, बाई."