नापास कापड

निकाल सकाळी साडेदहाला फोनवर आला. तो वाचून अल्पेशभाईने हातातला चहा न पिताच शिलाई मशीनवर ठेवला. एरवी कुणी मशीनवर कप ठेवला तर तो गाळा डोक्यावर घ्यायचा.

"काय लिहिलंय?" जिजाबाईने कटिंगच्या टेबलापलीकडून विचारलं.

"फेल."

"कुठला तुकडा?"

"कुठला काय, जिजाबेन, बधा फेल. पाचही. रक्त आरपार गेलं म्हणतात."

जिजाबाईने हातातली कात्री खाली ठेवली. ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि उगाच चष्मा पुसू लागली.

भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले जात होते. शिवलेला माल तपासणारी चेकर म्हणून जिजाबाईला चौदा वर्षं झाली होती. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं तेव्हा निळ्या चौकड्यांचे फ्रॉक गठ्ठ्यांनी पडून राहिले. शाळाच नाही तर गणवेश कुणाला घालायचा? मग एप्रिलात दिल्लीला शोध लागला, की डॉक्टर-नर्सनी अंगभर घालायचा सूट आपल्या देशात जवळपास कुणी बनवतच नाही. तिथून सगळे खडबडून उठले. संरक्षण खात्याचे शास्त्रज्ञ, कापडाच्या गिरण्या, सरकारी प्रयोगशाळा, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं आणि देशभरातल्या शिवणाऱ्यांना विचारलं, कोण कोण करून देतं? ज्या कचेऱ्यांतून एका पत्राचं उत्तर यायला अख्खा पावसाळा जातो, तिथून आता रविवारीसुद्धा पत्रकं सुटत होती. सोमवारी कापडाचा नियम, गुरुवारी शिवणीवर टेप मारायचा नियम, शनिवारी सोमवारच्या नियमातली दुरुस्ती. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे त्यावर दाब देऊन नकली रक्त सोडणार, आणि पास झालं तर एक नंबर मिळणार. तो नंबर प्रत्येक सुटावर छापायचा. नंबर नाही तर माल नाही.

"फ्रॉक शिवणाऱ्यांनी आता विज्ञान करायचं," असं म्हणत अल्पेशभाईने सूरतेहून एका बाजूने प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं पांढरं कापड मागवलं होतं. पोलिसांचा पास काढला होता, टेप चिकटवायचं मशीन उसनं आणलं होतं. नमुन्याचे पाच तुकडे जिजाबाईने स्वतः कापले, स्वतः पाकिटात भरले.

हे सगळं अल्पेशभाईला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते असं, की उरल्यासुरल्या कापडातून जिजाबाईने एक सूट शिवला होता आणि चार दिवसांपूर्वी तो आपल्या मुलीला, संचिताला, नेऊन दिला होता.

संचिता एका रुग्णालयात कोविडच्या वॉर्डात नर्स होती. महिनाभर घरी आली नव्हती. रुग्णालयाने दिलेल्या लॉजच्या खोलीत राहत होती. पहिल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला होता. अंगात आकाशी रेनकोट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, आणि खाली लिहिलेलं, 'आई, पाऊस कुठंय?' पोरीने हसवण्यासाठी पाठवला होता. जिजाबाईने तो फोटो रोज उघडून पाहिला, आणि एकदाही हसू आलं नाही. सूट हातात पडल्यावर संचिता गेटच्या पलीकडून म्हणाली होती, "आई, एकदम फॉरेनचा वाटतोय गं." जिजाबाई त्या वाक्यावर चार दिवस जगली होती.

आणि आता बधा फेल.

तिने मोबाईल काढून फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. संचिता उचलणारच नव्हती, सकाळची ड्यूटी आठ ते दोन, आणि फोन बाहेरच्या कपाटात. म्हणजे या क्षणी, पावणेअकरा वाजता, पोर त्या सुटात कुणाच्या तरी उशाशी वाकून उभी असणार.

"लॅमिनेशनच खराब आहे," अल्पेशभाई बोलत होता. "सूरतवाल्याला सगळे रोल परत. आपलं काम नाही हे, जिजाबेन. आपण आपले फ्रॉक शिवू."

"घालणार कोन?" टेपच्या मशीनवरून नाथा म्हणाला. नाथा जवळच्याच मुर्धा गावचा, नाक्यावरच्या पोलिसाशी रोज नव्याने वाद घालून सायकलवर यायचा. "माजी टेप कडक बसलीय बरं का. मशीनला नाव ठेवायचा न्हाय."

"तुझ्या मशीनला कोण काय बोललं?"

"आता न्हाय, पन बोलनार."

"अल्पेशभाई," जिजाबाई म्हणाली, "निकालात फोटो आहेत का?"

होते. पाच तुकड्यांचे पाच फोटो. प्रत्येकावर दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी. बाकी कापड पांढरं स्वच्छ. जिजाबाईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. पाचही फोटोंत ठिपके तसेच, दोघांमधलं अंतरही तेच, नखाएवढं. कापड खराब असतं तर कुठेही फुटलं असतं. ते शिस्तीत दोन-दोनच्या रांगेत कशाला फुटेल?

मग तिचा हात पदराला टोचलेल्या टाचण्यांच्या गुच्छाशी गेला.

चौदा वर्षांत तिच्या हाताखालून चिठ्ठी न लावता एकही कपडा गेला नव्हता. साईज, शाळा, तुकडी, सगळं चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी टाचणीने कपड्याला. एकदा चौथीच्या पोरांना सातवीच्या चड्ड्या गेल्या होत्या, तेव्हापासून तर ती झोपेतसुद्धा टाचणी मारत असेल. नमुन्यांनाही मारली होती. 'नमुना एक', 'नमुना दोन', सुवाच्य अक्षरात, टाचणी एकदा आत, एकदा बाहेर. इतक्या लांबच्या साहेबांना घोळ व्हायला नको म्हणून.

"नाथा," ती हळूच म्हणाली, "जरा इकडे ये."

तिने रोलमधून कोरा तुकडा कापला. खाली अस्तराचं पांढरं कापड ठेवलं, वर तो तुकडा. खिडकीत तिची कोकमाच्या आगळाची बाटली असायची. माहेर संगमेश्वरचं, उन्हाळ्यात आगळाशिवाय तिचं भागत नसे. त्यात फडकं बुडवून तिने ते कापडावर पसरलं आणि त्यावर गाळ्यातली सगळ्यात जड इस्त्री थंडीच ठेवली.

"काय करता, जिजाबाय? सोलकडी?"

"गप बस. अर्धा तास."

अर्ध्या तासात ती चार वेळा घड्याळाकडे आणि दहा वेळा मोबाईलकडे बघून आली. इस्त्री उचलली. खालचं अस्तर जसंच्या तसं, पांढरं.

दुसरा तुकडा. यावेळी टाचणी, आत आणि बाहेर, मग काढून टाकली. पुन्हा फडकं, पुन्हा इस्त्री. यावेळी अर्धा तास लागलाच नाही. अस्तरावर दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी.

नाथाने वाकून पाहिलं. "आयला! तिकडच्या डॉक्टरला वाटला असल साप चावला." आणि तो मोठ्याने हसला.

जिजाबाईलाही हसू आलं. कापड चांगलं होतं. दाबाखाली फुटत नव्हतं; फोडलं होतं ते तिनेच. प्रयोगशाळेची परीक्षा आणि इस्त्रीची परीक्षा यांत जमीन-अस्मानाचा फरक हे तिला कळत होतं, तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पोरीच्या अंगावर चांगलं कापड आहे. चांगलं, घट्ट, पास होणारं...

हसू जागच्या जागी थांबलं.

पोरीच्या सुटालाही तिने चिठ्ठी लावली होती. 'संचिता, मीडियम.' डाव्या छातीवर. लॉजवर बाकीच्या नर्सेसच्या सामानात मिसळू नये म्हणून. टाचणी एकदा आत, एकदा बाहेर.

"काय झाला?" नाथाने विचारलं. मग त्यानेच पाण्याचा ग्लास आणून दिला.

साडेबारा. अजून दीड तास. मग सूट उतरवणं, हात धुणं, आंघोळ. अडीच-पावणेतीनच्या आत फोन येत नाही. तोवर बसून काय करायचं? जिजाबाई उठली आणि अल्पेशभाईसमोर जाऊन उभी राहिली. तो सूरतवाल्याचा नंबर शोधत होता.

"कापड परत पाठवू नका. कापडात दोष नाही. दोष माझा आहे."

तिने अस्तराचे दोन्ही तुकडे समोर ठेवले आणि सांगितलं. अल्पेशभाई ऐकत गेला तसा लाल होत गेला.

"टाचणी? जिजाबेन, वॉटरप्रूफ कपड्याला टाचणी? माझी सात वर्षांची मुलगी पण नाही मारणार!"

"तिला चौदा वर्षांची सवय नाही ना."

"पंधरा दिवस गेले आपले! लाईन किती मोठी आहे माहितीये तिकडे?"

"माहितीये. आणखी एक आहे." मग तिने सुटाचंही सांगितलं. न विचारता कापड घेतलं हे, आणि कुणाला दिलं हे. चिठ्ठी कुठे लावली हे सांगताना तिने आपल्या डाव्या छातीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

अल्पेशभाईने चिडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. मग म्हणाला, "कापडाचं सोडा. तिने फोन उचलला?"

"नाही."

"तिथल्या ऑफिसला लावू?"

लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, आत निरोप जात नाही, दोननंतर करा. मग तिघंही बसून राहिले. डबे कुणी उघडले नाहीत. नाथाने एकदा, "दोन भोकांतून जाऊन जाऊन किती जानार?" असं समजुतीने म्हटलं, आणि अल्पेशभाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मशीनला तेल घालायला निघून गेला.

दोन चाळीसला फोन वाजला.

"आई, अठरा मिस कॉल? कोण गेलं?"

"कुणी नाही. संचू, तो सूट घातलास का गं आज?"

"कुठला?"

"अगं, मी दिलेला!"

"आई, रागावू नको हं. नाही घातला. एकदाही नाही."

जिजाबाईने टेबलाची कड धरली. "मग फॉरेनचा म्हणालीस ते?"

"तू उन्हात गेटवर उभी होतीस, काय म्हणणार होते? इन्चार्ज सिस्टरने आत नेऊच दिला नाही. नंबर नाही म्हणाल्या त्याच्यावर. टेस्ट न झालेला सूट चालणार नाही, वरून पत्रक आलंय."

"मग आज काय घातलंस?"

"जे आहे ते. रेनकोट."

"त्याच्यावर नंबर आहे का?"

"रेनकोटला कोण नंबर विचारतंय, आई?" संचिता हसली, मग तिला खोकला आला. "घसा कोरडा पडलाय गं, सहा तास पाणी नाही. घाबरू नको."

जिजाबाईने फोन ठेवला. ज्या नंबरावरून तिने आणि अल्पेशभाईने महिनाभर दिल्लीच्या नावाने बोटं मोडली होती, त्याच नंबराने भोकं पडलेला सूट दारात अडवला होता. आणि त्याच दारातून रेनकोट खुशाल आत चालला होता.

"लॅबला फोन लावा," ती अल्पेशभाईला म्हणाली.

तिकडून एका बाईंचा दमलेला आवाज आला. अल्पेशभाईने हिंदीत, तीनदा माफी मागत, टाचणीचं सांगितलं.

"पिन? अच्छा, पिन," बाई म्हणाल्या. "पिछले हफ्ते एक साहब ने सैंपल स्टेपल करके भेजा था. आप लोग दोबारा भेजिए. फॉर्म में लिखिए क्यों फेल हुआ. और इस बार सिलाई वाला हिस्सा भी भेजना है, नया सर्क्युलर देखा ना?"

"कितने दिन, मॅडम?"

"हम तीन शिफ्ट में कर रहे हैं, भैया. भेजिए तो."

फॉर्मवर कारणाच्या रकान्याशी अल्पेशभाईचं पेन थांबलं. "काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

"नाव कोण विचारतंय? कारण विचारतात." आणि त्याने लिहिलं, 'नमुन्याला टाचणी लावली होती.' विज्ञानाच्या कागदावर ते वाक्य फार गरीब दिसत होतं. जिजाबाईने नवे तुकडे एकेका पिशवीत घातले आणि चिठ्ठ्या पिशव्यांवर चिकटवल्या. चिकटवताना तिचा हात सारखा पदराशी जात होता. टाचण्यांचा गुच्छ तिथे नव्हता. तो तिने नाथाकडे दिला होता.

अकराव्या दिवशी कापड पास झालं. नंबर आला. मात्र पहिला सगळा माल केंद्राच्या साठ्यात गेला आणि तिथून, अल्पेशभाईला कळलं त्याप्रमाणे, ओडिशाकडे. जिजाबाईने एक सूट मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. अल्पेशभाईने ते पाहिलं आणि खाली बघितलं.

माल गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी सात वीसला, ती डबा भरत असताना संचिताचा फोन आला.

"आई, नवे सूट आलेत. नंबरवाले. पंधरा मिनिटांत आत जायचंय, म्हटलं तुला सांगावं."

"थांब. घालू नको. नंबर वाच आधी."

"आई!"

"वाच म्हणते ना."

संचिताने वाचला. अल्पेशभाईने पास झालेल्यांची यादी तिच्या मोबाईलमध्ये घालून दिली होती. संचिताचा फोन स्पीकरवर टाकून, त्याच मोबाईलवर जिजाबाई बोटाने रांगा सरकवत गेली. अक्षरं मुंगीएवढी. एकदा रांग चुकली, पुन्हा वरून सुरुवात केली.

"आई, सिस्टर हाक मारतायत."

"मारू दे. शेवटचे चार आकडे परत सांग."

सांगितले. सापडला. पंजाबातला कुठला तरी गाळा. मालकाचं नाव, गाव, तारीख, आणि पुढे 'उत्तीर्ण'. तिथेही कुणी बाई चेकर असेल. तिच्या सवयी काय असतील, देव जाणे.

"उजेडासमोर धर. छातीवर कुठे भोक दिसतंय?"

"नाही."

"पाठीवर?"

"नाही गं. आई, घालू आता?"

जिजाबाईने एकदा पुन्हा त्या नंबराकडे पाहिलं.

"घाल," ती म्हणाली.